यादीबाहेरची माणसं

मुलुंड (पूर्व)
रविवार, ८ ऑक्टोबर २०२३

प्रिय संघमित्रा,

तुझे फोटो मिळाले. एकतीस आहेत. आपल्या एम.ए.च्या ग्रुपवर सगळ्यांनी बदाम पाठवले, मीही पाठवला. सिसिलीतल्या पालेर्मोचा समुद्र, लिंबाची झाडं, नॉर्मन राजांच्या महालातलं ते प्रार्थनाघर, आणि त्यात मान वर करून उभी असलेली तू. खरं सांगू, जळाले मी. आमचा नवरोबा सुशांत म्हणाला, अगं, मैत्रीण आहे ना तुझी. म्हटलं, म्हणूनच.

आज श्यामकांत सरांकडे गेले होते. त्यांचा काचबिंदू फार पुढे गेलाय. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो, डाव्याला तोही नाही. मी तुझे फोटो एकेक करून तोंडाने सांगत होते. छत सोन्याचं आहे म्हटलं, तर लगेच म्हणाले, सोनं भिंतींवर. छत लाकडाचं, अरब कारागिरांनी रंगवलेलं. जन्मात तिथे न गेलेला माणूस मला चूक दाखवत होता, आणि चूक माझीच होती. मग म्हणाले, फोटोंचा मला काय उपयोग? तिला पत्र लिहायला सांग. तू मला वाचून दाखव, आणि मी सांगेन ते तिला लिहून पाठव.

तर अशी माझी नेमणूक झाली आहे. तू मेल कर. मी कॉलेजात प्रिंट काढीन आणि रविवारी चहानंतर सरांना वाचून दाखवीन.

कलिन्याला विद्यापीठात सरांचा सिसिलीचा पेपर घेणाऱ्या आपण दोघीच होतो, आठवतं? तुला खरं तर मराठ्यांचा इतिहास घ्यायचा होता. मी तुला हाताला धरून त्या वर्गात नेलं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, उत्तर फ्रान्सकडचे मूठभर नॉर्मन घोडेस्वार येतात, अरबांकडून एक अख्खं बेट जिंकतात, आणि मग त्यांचेच राजे अरबांना दरबारात ठेवतात, ग्रीकांना लेखनिक करतात, तीन-तीन भाषांत हुकूम काढतात. मला घरी पोचेपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं. तू मात्र वही मिटून विचारलंस, कँटीन कधी बंद होतं. सिसिली आधी माझी होती गं.

असो. तुमच्या लोकांसाठी फेलोशिप असतात ते बरंय. आमच्यासाठी कोण काढणार? गंमत केली, रागावू नकोस.

तुझ्या बाबांची काळजी करू नकोस, भीमराज काकांना भेटायला मी घाटकोपरला जाऊन येईन.

तुझी,
प्रांजल

*

पालेर्मो
२९ ऑक्टोबर २०२३

प्रांजल, आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या सरांना जय भीम,

फोटोत दिसतं ते एका दिवसाचं. बाकीचे दिवस मी एका गार वाचनखोलीत बसते. माझी खोली स्कूटर दुरुस्तीच्या दुकानावर आहे. इथे कुणाला माझं नाव धड म्हणता येत नाही, सगळे मला 'संगा' म्हणतात. जेवायला सोबत कुणी नसतं, म्हणून मी जेवताना अरबी क्रियापदं पाठ करते. जळण्यासारखं यात काय आहे ते तूच बघ.

सर, मी सध्या महालाकडे फिरकतही नाही. मला एक यादी मिळाली आहे. बाराव्या शतकात दुसऱ्या विल्यम राजाने एका मठाला जमीन दान दिली, आणि जमिनीबरोबर तिच्यावरची माणसंही दिली. त्या माणसांची ही यादी. लांब चामड्यावर अरबीत नाव, त्याखाली तेच ग्रीकात. अमक्याचा मुलगा, तमक्याचा भाऊ, कुणी विणकर, कुणी कुणाचा जावई. एकदा यादीत नाव आलं की माणूस त्या जमिनीला बांधला गेला. पळून गेला तर यादी दाखवून परत आणायचा. आपण वर्गात जे शिकलो, सगळ्या धर्मांना जवळ करणारे नॉर्मन राजे, ते महालातून बघितलं तर खरं आहे. यादीतून बघितलं की वेगळं दिसतं.

यादीत नसलेल्या माणसांसाठी त्या काळी एक शब्द होता, 'मुल्स'. म्हणजे गुळगुळीत. अर्थावरून अभ्यासकांचे वाद आहेत. बहुतेकांना वाटतं, ही बाहेरून नव्याने आलेली माणसं.

हे वाचताना मला आमची असल्फ्याची वस्ती आठवली. पुनर्वसनाची पाहणी आली तेव्हा बाबांनी पाच दिवस बागखात्यातली ड्युटी बुडवली. दारात स्टूल टाकून बसले, का, तर यादीत नाव यायला हवं. सगळी वस्ती तशीच बसली होती. फक्त शेजारची शकुमावशी खोलीला कुलूप लावून माहुलला भावाकडे निघून गेली. आई तिला वेडी म्हणाली. पुढे कधीतरी कळलं, ती नवऱ्याच्या मारातून पळून आली होती. सरकारी कागदावर नाव आलं तर तो माग काढत येईल, ही तिला भीती. बारा वर्षं ती आमच्या वस्तीतच राहत होती. कागदावर नव्हती, कारण तिला तसंच हवं होतं.

सर, ती 'गुळगुळीत' माणसं बाहेरची नसतील तर? तिथलीच असतील, आणि यादी करणारा आला की हातातून निसटत असतील तर? मला यावर एक प्रकरण लिहायचं आहे. इथल्या मार्गदर्शक बाईंना अजून बोलले नाही. तुम्ही हो म्हणालात तर बोलेन.

प्रांजल, बाबांचा गुडघा बघ. ते स्वतः सांगणार नाहीत.

संघमित्रा

*

मुलुंड (पूर्व)
रविवार, २६ नोव्हेंबर २०२३

प्रिय संघमित्रा,

उत्तराला उशीर झाला. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, त्यात सासूबाईंना घेऊन दोनदा दवाखान्यात जावं लागलं. तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं.

सरांनी फार काही सांगितलं नाही. म्हणाले, चांगलं आहे, पण यादीबिदीत अडकू नकोस. वस्तीतल्या आठवणी आणि बारावं शतक यांची सांगड घालायला गेलं की काम वरवरचं वाटतं. तू महालावर आणि राजांच्या हुकूमनाम्यांवर लक्ष दे, असं त्यांचं मत पडलं. मला वाटलं तुला वाईट वाटेल, म्हणून लिहू की नको करत होते. पण नेमणूक झाली म्हटल्यावर लिहायला हवं.

भीमराज काकांकडे गेले होते. गुडघ्याला पट्टा बांधून मला खालपर्यंत सोडायला आले, ऐकेनात. मी सुरमईचं कालवण नेलं होतं. दोनदा भात घेतला आणि म्हणाले, पोरी, तू आलीस की घर भरल्यासारखं वाटतं. तुझा फोटो टीव्हीच्या वर लावलाय.

मीही थोडंसं लिहायला घेतलंय. सरांचे जुने सहकारी एक इतिहासाचं त्रैमासिक काढतात, त्यांच्यासाठी. सरांनीच आग्रह केला. लहानसंच आहे, तुझ्यासारखं मोठं काही नाही.

तब्येतीला जप. तिथे आता थंडी असेल ना?

तुझी,
प्रांजल

*

पालेर्मो
१७ डिसेंबर २०२३

प्रांजल,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. सर इतकंच म्हणाले? 'वरवरचं' हा शब्द त्यांचाच?

एम.ए.ला असताना माझ्या पहिल्या निबंधावर त्यांनी लिहिलं होतं, तू जिथून आलीस तिथून बघ. त्या एका वाक्यावर मी इथवर आले गं. अरबी शिकायला तीन वर्षं ऑफिस सुटल्यावर महंमद अली रोडला जायचे, तेव्हाही तेच वाक्य डोक्यात असायचं. आता तेच म्हणतात, वस्ती मध्ये आणू नकोस. पण तीस वर्षं ज्यांनी हा विषय सांभाळला, त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसत असणार. गेल्या मंगळवारी मी मार्गदर्शक बाईंना सांगितलं की यादीचं प्रकरण सोडते आणि महालाच्या हुकूमनाम्यांवर करते. त्यांना आश्चर्य वाटलं. 

तू लिहायला लागलीस याचा खरंच आनंद झाला. कशावर आहे? मला पाठव ना. सर तुझ्याजवळ बसून ऐकतात, तिथल्या तिथे बोलतात. तुला हवा तो प्रश्न त्यांना विचारता येतो. मला इथे सगळं तुझ्या हातून मिळतं. मलाही थोडं जळायला होतं, हे मोकळेपणाने सांगते.

बाबांसाठी कालवण नेलंस, बरं वाटलं. फोनवर ते तुझंच कौतुक करत होते.

संघमित्रा

*

मुलुंड (पूर्व)
रविवार, १४ जानेवारी २०२४

प्रिय संघमित्रा,

घाईत लिहितेय. सर तापाने आजारी होते, आता बरे आहेत, पण दोन रविवार वाचन झालं नाही. तुझं पत्र त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. तू विषय बदललास ते मी तोंडी सांगितलं. माझ्या मते तू योग्य केलंस.

माझा लेख छापून आला. गिरणगावावर आहे थोडाफार, थोडा आपल्या जुन्या विषयावर. अंक पाठवते सवडीने, पोस्टाने जाईल की नाही कोण जाणे. कॉलेजात शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा प्राचार्यांनी मला नावाने हाक मारली.

तिळगूळ घे, गोड बोल.

प्रांजल

*

पालेर्मो
११ फेब्रुवारी २०२४

प्रांजल,

बाबा गेल्या आठवड्यात सरांना भेटायला गेले होते. घाटकोपरहून बस धरून, गुडघ्याला पट्टा बांधून. सर आजारी होते हे तूच त्यांना सांगितलं होतंस. सरांनी त्यांच्या हातात अंक दिला आणि म्हणाले, प्रांजलचा लेख आहे, मला पुन्हा एकदा ऐकायचाय, वाचता का? बाबांनी पूर्ण लेख मोठ्याने वाचला. सरांना काही बोलले नाहीत. म्हाताऱ्या आंधळ्या माणसाला काय सांगायचं, म्हणाले. घरी आल्यावर मला फोन केला आणि विचारलं, "संघा, आपली शकु त्यांच्या चाळीत कधी राहायला गेली?"

शकुमावशीची तू चंपामावशी केलीस. असल्फ्याची तुझी भांडुपची चाळ केलीस. माहुलचा भाऊ माहुललाच ठेवलास, तेवढंही बदलायचा त्रास घेतला नाहीस. स्टूल टाकून दारात बसलेले माझे बाबा तुझे काका झाले. आणि 'ती गुळगुळीत माणसं बाहेरची नसतील तर' हे माझं वाक्य, शब्दाला शब्द, तुझ्या नावाखाली छापलंय. सर बाबांना काय म्हणाले माहीत आहे? "तुमची मुलगी तिथे त्या यादीसमोर बसून आहे, पण हे दिसलं ते प्रांजलला."

मग मला तुझं नोव्हेंबरचं पत्र आठवलं. सर तसं काही म्हणालेच नव्हते, हो ना? तू माझं पत्र त्यांना वाचून दाखवलंच नाहीस. स्वतःचं म्हणून सांगितलंस, आणि मला लिहिलंस की वरवरचं आहे. त्या एका शब्दावर मी माझं प्रकरण टाकून दिलं.

तू पहिल्या पत्रात 'तुमच्या लोकांसाठी' लिहिलं होतंस. मी ते वाचलं आणि गप्प बसले, कारण आपल्यात ते कधी नव्हतं असं मी धरून चालले होते. आता बोलते. ही फेलोशिप परीक्षा देऊन मिळाली. अर्ज तुझ्याकडेही होता. अरबीच्या वर्गाला पहिले दोन आठवडे आपण दोघी जात होतो. तू सोडलास. तुझं लग्न ठरलं होतं, मी दोष देत नाही. पण मी काही कुणाच्या दारातून उचलून आणलेलं नाही.

मी त्रैमासिकाला पत्र लिहू शकते. बाबांना सांगून सरांच्या कानावर घालू शकते. दोन्ही करणार नाही. तू येत्या रविवारी सरांसमोर बस आणि माझं ऑक्टोबरचं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाच. त्यानंतर हे वाच. एकही शब्द गाळू नकोस.

संघमित्रा

*

मुलुंड (पूर्व)
रविवार, ३ मार्च २०२४

संघमित्रा,

१८ फेब्रुवारीला मी सरांकडे गेलेच नाही. ताप आहे म्हणून निरोप पाठवला. गेल्या रविवारी गेले आणि दोन्ही पत्रं वाचली. काही गाळलं नाही. 'तुमच्या लोकांसाठी' ते सुद्धा वाचलं. तिथे मी अडले, तर सर म्हणाले, पाणी पी आणि पुढे वाच.

आधी काय झालं ते सांगते. ५ नोव्हेंबरला तुझं पत्र घेऊन गेले, तेव्हा खरंच तुझंच म्हणून वाचायला सुरुवात केली होती. यादीपर्यंत वाचलं. सरांनी मला थांबवलं आणि विचारलं, यावर तुला काय वाटतं, तू सांग. चौदा वर्षांत सरांनी मला काय वाटतं हे विचारलं नव्हतं. ते तुला विचारायचे, मी त्यांना भाजी आणून द्यायचे. हातातल्या कागदावर पुढचा परिच्छेद समोरच होता. मी मान वर केली आणि तो बोलून दाखवला. माझ्या चाळीतला करून. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. हात पुढे करून माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. त्यानंतर मला मागे फिरता येईना. खरं तर यायचंही नव्हतं.

मग त्यांनी तुला पत्र सांगितलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. ते मी तुला पाठवलं नाही. त्याऐवजी काय लिहिलं ते तुला माहीत आहे. 'वरवरचं' हा शब्द माझा आहे.

सगळं वाचून झालं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी उठून गॅस बंद करून आले. मग सर म्हणाले, ते न पाठवलेलं पत्र वहीत आहे का? होतं. ते वाच म्हणाले. वाचलं. तुलाही आता खाली उतरवून देते, तसं त्यांनीच सांगितलंय:

'संघमित्रा, प्रांजलला एक गोष्ट सुचली आहे. यादीबाहेरची माणसं तिथलीच असावीत, असं ती म्हणते. मला ते पटलं. मूळ कागद तुझ्यासमोर आहे, आणि वस्तीत वाढलीस तू. तुझ्या नजरेतून हे सुटलं कसं? मला वाईट वाटलं. जास्त मन लावून वाच.'

हे ऐकून सर म्हणाले, "चार महिने मी त्या मुलीला मठ्ठ समजत होतो." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्वतःशीच म्हणाले.

निघताना त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. त्रैमासिकाला खुलासा मी स्वतः लिहून द्यायचा. आणि आता मी त्यांना वाचून दाखवायचं नाही.

मला माफ कर असं लिहीत नाही. तुझं वाचून मी जळत होते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुलाही लिहिलं होतं मी, पहिल्याच पत्रात. तेव्हा आपण दोघींनी ते हसण्यावारी नेलं.

प्रांजल

*

मुलुंड (पूर्व)
रविवार, २८ एप्रिल २०२४

संघमित्रा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी झालं ते कळवायला हवं.

खुलासा छापून आला. पान तीनवर, चौकटीत. मूळ कल्पना, शकुमावशीची हकिगत आणि तुझ्या वडिलांची हकिगत संघमित्रा भीमराज तायडे यांच्या खाजगी पत्रातून त्यांच्या परवानगीशिवाय घेतली, असं मी लिहून दिलं. संपादकांनी 'परवानगीशिवाय'च्या जागी 'अनवधानाने' सुचवलं होतं. मी नको म्हटलं. अंकाची एक प्रत प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. स्टाफरूममध्ये आता मी गेले की बोलणं थांबतं. सुशांतला पूर्ण सांगितलं. त्याने दोन दिवसांनी विचारलं, तुला तिथे जायचं होतं हे मला का नाही सांगितलंस? जायचं होतं म्हणजे नेमकं काय, तेच मला नीट माहीत नव्हतं.

आता रविवारी भीमराज काका येतात. तू पाठवतेस ती पत्रं ते सरांना वाचून दाखवतात. घाटकोपरहून बस, गुडघ्याला पट्टा, पिशवीत चष्मा. मी तिथे जात नव्हते. पण गेल्या रविवारी सरांची औषधं द्यायला गेले आणि दारातच आवाज ऐकला. काका अरबी नावांना अडखळत होते, एकेक अक्षर सुटं करून वाचत होते, आणि सर न कंटाळता दुरुस्त करत होते. दोघं हसतही होते. मी इतकी वर्षं सरांकडे जात आले, पण त्यांना माझ्यासमोर असं हसताना ऐकलं नव्हतं. पायरीवर उभी राहून मला पुन्हा तेच झालं गं. तुझ्यावर जळले, आता काकांवर. एवढं होऊनही ते गेलं नाही. औषधं मी शेजारच्या दारात ठेवून आले.

तुला हे लिहिलंच पाहिजे असं नव्हतं. पण आता तुझ्यापासून काही गाळायचं नाही, असं ठरवलंय.

प्रांजल

*

पालेर्मो
१९ मे २०२४

प्रांजल,

तीन महिने मी तुला लिहिलं नाही, कारण जे लिहीन ते तुझ्या हातात जाईल आणि तू त्याचं काय करशील हे मला सांगता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

यादीचं प्रकरण मी पुन्हा हातात घेतलं. मार्गदर्शक बाई चिडल्या, पण वाचून झाल्यावर निवळल्या. दोन महिने मुदतवाढ मिळाली आहे. पुराव्यासाठी आणखी दोन याद्या शोधाव्या लागल्या, नुसत्या शकुमावशीवर बारावं शतक उभं राहत नाही. सरांनी बाबांच्या हातून चार मोठी पत्रं पाठवली. बाबांचं अक्षर लागायला मला अर्धा दिवस जातो.

तू चोरलंस याचा राग आता कमी झालाय. दुसरा राग गेलेला नाही. तू खोटं लिहिलंस आणि मी लगेच मान्य केलं. कुणीतरी वरून म्हणालं, तुझं वरवरचं आहे, की मी आवरायला लागते. माझ्यात ते कुठेतरी आहे, हे तुझ्यामुळे मला दिसलं. त्याबद्दल आभार मानणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहायची राहिली होती. बाबांनी तुझा लेख मला फोनवर पूर्ण वाचून दाखवला होता, मी रागात अर्धाच ऐकला. अंक हातात आल्यावर पुन्हा वाचला. त्यात एक परिच्छेद माझा नाही. तुझे आजोबा. संपानंतर गिरणी सुटली, गिरणी कामगारांच्या घरांची यादी लागली की ते भांडुपहून परळला जायचे. स्वतःचं नाव नाही हे माहीत असूनही भिंतीवरची नावं वरपासून खालपर्यंत वाचायचे. घरी येऊन आजीला सांगायचे, अमका अजून आहे, तमका गेला वाटतं, त्याच्या मुलाचं नाव लागलंय. यादी त्यांना घरासाठी नको होती, माणसांसाठी हवी होती.

हे मला कधी सुचलं नसतं. मी यादीकडे बांधणाऱ्याच्या नाहीतर निसटणाऱ्याच्या बाजूने बघत होते. ती वाचत उभा राहणारा माणूस माझ्या डोक्यातच आला नव्हता. हे वाचताना मला चांगलंच जळायला झालं. मनात आलं, हे तिच्याकडे होतं, तर माझं कशाला उचललं?

मला तो परिच्छेद प्रकरणात घ्यायचा आहे. तळटीप देईन. त्रैमासिकाचं नाव, अंक, पान, आणि लेखिका म्हणून तुझं नाव. तेवढं तुझं तुझ्या नावावर जाईल. बाकीचं माझं आहे, ते माझ्या नावावर.

मी ऑगस्टमध्ये येते. विमानतळावर येऊ नकोस. मला भेटावंसं वाटलं तर मी तुझ्या दारात येईन, नाही वाटलं तर नाही. आत्ता वचन देत नाही.

तू लेखात नुसतं 'आजोबा' लिहिलंस. मला त्यांचं पूर्ण नाव हवं. तळटीपेत चूक जायला नको.

संघमित्रा

*

मुलुंड (पूर्व)
२० मे २०२४

संघमित्रा,

धोंडिराम बाबाजी परब.

हे नाव याआधी कुठेच छापून आलेलं नाही, त्यामुळे ताडून बघायला तुला कागद मिळणार नाही. मी लिहिलंय तेच बरोबर धर.

प्रांजल